फसवे ईमेल: इंदूरच्या मराठी घरांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात कुणी ना कुणी फोन पुढे करून विचारतं, "हे बघ रे, खरं आहे का हे?" बाकीचे व्हॉट्सॲपवर विचारतात. सुदामा नगरातून येणारा प्रश्न आठवड्याने स्नेहलतागंजमधून येतो आणि महिन्याने कुणाच्या तरी पुण्याच्या बहिणीकडून. म्हणून ही उत्तरं एका जागी लिहिली. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण एका उत्तरातून दुसऱ्याकडे जावं लागतं. पैसे आत्ताच गेले असतील तर थेट प्रश्न १२ वर जा. बाकीचं नंतर वाचा.

१. फिशिंग म्हणजे नेमकं काय? हॅकिंगच ना ते?

हॅकिंगमध्ये चोर कुलूप तोडतो. फिशिंगमध्ये तो दारावर येऊन, ओळखीचा चेहरा लावून, किल्ली तुमच्याच हातून मागून घेतो. मासे पकडायला गळ टाकतात त्यावरून हा शब्द आला. १९९० च्या दशकात अमेरिकेत अमेरिका ऑनलाइनच्या ग्राहकांचे पासवर्ड असे मागून घेतले जात, तेव्हापासून तो रूढ झाला. गळ एकाच वेळी लाखो लोकांपुढे टाकलेला असतो. त्यामुळे "माझ्या बँकेचंच नाव कसं आलं?" याला अर्थ नाही. ज्यांचं खातं त्या बँकेत नाही, त्यांनी तोच मेल पुसून टाकलेला असतो.

२. माझ्या खात्यात पेन्शनशिवाय काही नाही. माझ्या मेलमध्ये चोराला काय मिळणार?

हा प्रश्न ऐकला की मी एकच गोष्ट करायला सांगतो. आपला मेल उघडा, वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'आधार' लिहा, मग 'पॅन' लिहा. फोटोकॉपीच्या दुकानाला पाठवलेलं आधार कार्ड, सुनेच्या पासपोर्टसाठी पाठवलेले कागद, मुलाच्या कर्जाच्या वेळचं पॅन आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सगळं तिथे पडलेलं दिसेल. एवढ्यावर तुमच्या नावाने कर्जाचा अर्ज करता येतो.

दुसरी गोष्ट याहून मोठी. विमा, डीमॅट, खरेदीची ॲप यांत 'पासवर्ड विसरलो' दाबलं की नवा पासवर्ड ठरवायचा दुवा बहुधा मेलवरच येतो. मेल हा घराच्या किल्ल्यांचा जुडगा आहे, आणि तो हातचा गेला की एकेक खोली उघडत जाते.

३. खोटा मेल ओळखायचा कसा?

मागच्या पावसाळ्यात एक काकू आल्या. मेलवर बँकेचं नाव ठळक, बोधचिन्ह अगदी हुबेहूब, खाली 'आपलं केवायसी आज संपत आहे'. मी त्यांनाच म्हटलं, काकू, त्या नावावर बोट ठेवा. नावाखालचा पत्ता उघडला. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, अक्षर अक्षर वाचलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, ही तर कुठल्या शाळेची मेल दिसते!" खरंच, परदेशातल्या एका शाळेच्या चोरलेल्या खात्यावरून तो मेल आला होता. मेलमध्ये दिसणारं नाव पाठवणारा स्वतः लिहितो, तिथे काहीही लिहिता येतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. म्हणून नाव वाचू नका, पत्ता वाचा.

मग तीन गोष्टी बघा. मेल घाई करतो आहे का: आजच, चोवीस तासांत, नाहीतर बंद. गुपित मागतो आहे का: पासवर्ड, ओटीपी, कार्डामागचा तीन आकडी क्रमांक. आणि काम करायला स्वतःचीच वाट देतो आहे का: इथे दाबा, या क्रमांकावर फोन करा. तिन्ही एकत्र आल्या तर पुढे वाचायचीही गरज नाही.

अशुद्ध भाषेवरून ओळखायचे दिवस मात्र गेले. आता यंत्राकडून कुणीही स्वच्छ भाषेत पत्र लिहून घेतो.

मला सगळ्यात जास्त ज्या सवयीचा भरवसा वाटतो ती ही: मेलने दिलेल्या वाटेने जायचं नाही, आपल्या नेहमीच्या वाटेने जायचं. बँकेचं काम आहे? मेल बंद करा, बँकेचं ॲप स्वतः उघडा, किंवा पासबुकावरचा क्रमांक लावा. काम खरं असेल तर तिथेही दिसेलच. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच सवय वेगवेगळ्या रूपात येईल.

४. लिंकचा पत्ता वाचायचा कसा? एवढी लांब इंग्रजी शेपटी असते.

फोनवर लिंक दाबू नका, दाबून धरा. पूर्ण पत्ता दिसतो. संगणकावर माउस नुसता वर नेला तरी खाली कोपऱ्यात दिसतो.

आता तो वाचायचा पाकिटावरच्या पत्त्यासारखा. देवासमधला दुकानदार पाटीवर 'राजवाडा साडी सेंटर, इंदूरवाले' लिहू शकतो, पण पाकिटावर शेवटी गाव देवासच येतं. लिंकमध्ये सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. त्यानंतर पहिली एकटी तिरपी रेघ जिथे येते, तिथून मागे वाचत या. रेघेच्या लगेच आधीचे दोन-तीन शब्द म्हणजे गाव. 'आपलीबँक डॉट बँक डॉट इन' यात गाव बँकेचं आहे. 'आपलीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट टॉप' यात गाव 'केवायसी डॉट टॉप' आहे, आणि आधीचं सगळं नुसती पाटी.

'डॉट बँक डॉट इन' लक्षात ठेवण्यासारखं आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं या नावावर न्यायला सांगितलं. हे नाव हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडूनच मिळतं आणि बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. पण ते शेवटी असायला हवं, मध्ये कुठेतरी असून उपयोग नाही.

नजरेला फसवणाऱ्या जागाही माहीत हव्यात. इंग्रजी लहान लिपीतले आर आणि एन जवळ आले की एम दिसतो. शून्य आणि ओ सारखे दिसतात. रशियन लिपीतला 'ए' तर इंग्रजी 'ए'पासून डोळ्यांनी वेगळा करताच येत नाही. म्हणून पत्ता वाचता आला तरी प्रश्न ३ मधली शेवटची सवय सोडू नका.

५. साइटवर कुलपाचं चिन्ह होतं. मग ती सुरक्षितच ना?

नाही. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला ऐकू येत नाही. समोर चोरच बसला असेल तर त्याच्याशीही बोलणं गुप्तच राहतं. असं प्रमाणपत्र फुकट मिळतं. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते कुलूप काढून दुसरं चिन्ह ठेवलं.

६. मेल नुसता उघडला, काही दाबलं नाही. काही होईल का?

फोन आणि जीमेल अद्ययावत असतील तर नुसतं वाचून नुकसान होत नाही. मेलमधल्या चित्रावरून 'हा पत्ता चालू आहे, इथे कुणीतरी वाचतं' एवढं पाठवणाऱ्याला कळू शकतं, त्यामुळे पुढे आणखी काही मेल येतील. फिशिंग म्हणून रिपोर्ट करा आणि झोपा.

७. लिंक दाबली गेली. आता?

पुढे काय केलं त्यावर आहे. पान उघडलं आणि काही न भरता बंद केलं, तर ब्राउझर बंद करा, डाउनलोडमध्ये नवी फाइल आली असेल तर न उघडता पुसा. पासवर्ड भरला, तर लगेच दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून तो बदला आणि तोच पासवर्ड आणखी जिथे जिथे वापरता तिथेही बदला. मग प्रश्न १४ मधली तपासणी करा. कार्ड किंवा ओटीपी दिला असेल तर प्रश्न १२.

एखादं ॲप उतरवून घेतलं असेल, विशेषतः प्ले स्टोअरच्या बाहेरून, 'एपीके' नावाची फाइल, तर ते सगळ्यात गंभीर समजा. असं ॲप तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पुढे पाठवू शकतं. आधी इंटरनेट बंद करा, विमान चिन्ह दाबा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा. मग ॲप काढा, आणि ते निघत नसेल तर फोन पूर्ण रिसेट करून घ्या. फोटो जातील म्हणून लोक इथे थांबतात. त्यांचं दुःख मला कळतं, तरीही रिसेट करायलाच सांगतो.

८. 'आज रात्री ९ वाजता लाइट कापणार', 'समग्र आयडी बंद होणार' असे मेल येतात. हे तर आपल्या इथलंच आहे, खरं असेल ना?

आपल्या इथलं नाव घातलं की माणूस विश्वास ठेवतो, म्हणूनच ते घातलेलं असतं. बिल थकलं आहे का ते वीज कंपनीच्या ऊर्जस ॲपवर किंवा १९१२ ला फोन करून कळतं. समग्र म्हणजे मध्य प्रदेश सरकारने रहिवाशांना दिलेला ओळख क्रमांक. त्याचं ई-केवायसी राहिलं असेल तर समग्रच्या पोर्टलवर स्वतः जाऊन किंवा एमपी ऑनलाइनच्या दुकानात करून घ्या. संपत्ती कराचंही तेच, नगर निगमच्या पोर्टलवर किंवा झोन कार्यालयात. मेलमधल्या कुणाच्या मोबाइल क्रमांकावर 'अधिकारी साहेबांशी' बोलू नका.

९. आयकर रिफंडचा मेल आला आहे, रक्कमही बरोबर वाटते आहे.

रिफंड तुम्ही ई-फायलिंग पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या खात्यात आपोआप येतो. त्यासाठी मेलमधून कार्ड क्रमांक किंवा पिन मागायची विभागाला गरज नाही. रक्कम बरोबर वाटणं हा योगायोग असतो. हजारो लोकांना एकच आकडा पाठवला की काहींना तो जुळतोच.

नोटीस असेल तर थोडं थांबून बघा, कारण ती खरीही असू शकते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या पत्रांवर कागद ओळख क्रमांक असतो, त्याला डीआयएन म्हणतात. पोर्टलच्या पहिल्या पानावरच नोटीस खरी आहे का ते तपासायची सोय आहे, लॉगिनही लागत नाही. डीआयएन तिथे घाला. खोटा निघाला तर मेल वेबमॅनेजर ॲट इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन या विभागाच्या पत्त्यावर पाठवा.

१०. नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्याचे मेल येतात. बाबा घाबरतात, पेन्शन थांबेल म्हणून.

त्यांची भीती खरी आहे, दाखला नाही दिला तर पेन्शन थांबते. म्हणूनच हा गळ लागतो. काम करून टाकणं हाच उपाय: पोस्टात, बँकेत, किंवा घरीच जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून. एकदा दाखला भरला, प्रमाण क्रमांक वहीत लिहिला, की पुढच्या कुठल्याही मेलला बाबा स्वतःच सांगतील, "माझं झालं आहे."

११. सीबीआयच्या लेटरहेडवर नोटीस आली आहे. आणि दुसऱ्या मेलमध्ये म्हटलं आहे की माझा नको तसा व्हिडिओ त्यांच्याकडे आहे.

दोन्ही वेगळे आहेत, पण हत्यार एकच: लाज आणि भीती. पहिल्यात शिक्के, अशोकस्तंभ, कलमं आणि 'चोवीस तासांत उत्तर द्या' असतं. उत्तर दिलं की व्हिडिओ कॉल येतो आणि 'डिजिटल अटक' सुरू होते. कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्येही हे स्पष्ट सांगितलं. कुठलीही तपास यंत्रणा कॅमेऱ्यापुढे बसवून पैसे भरून घेत नाही.

दुसऱ्यात बहुधा तुमचा एखादा जुना पासवर्ड लिहिलेला असतो, त्याने काळजाचं पाणी होतं. तो कुठल्या तरी साइटवरून पूर्वी फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. व्हिडिओ नसतोच. पैसे देऊ नका, उत्तर देऊ नका, तो पासवर्ड अजून कुठे वापरत असाल तर बदला. तरुण मुलांना मी कळकळीने सांगतो: कुणाशी खरंच व्हिडिओ कॉल झाला असेल तरीही आईबाबांना किंवा दादा-ताईला त्याच रात्री सांगा. एकदा पैसे दिले की मागणी वाढतच जाते.

१२. पैसे गेले. पहिलं काय करू?

१९३० लावा. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, इंदूरमधूनही तोच. रक्कम, वेळ, आपली बँक आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, तो बँकेच्या एसएमएसमध्ये असतो. तिथून पैसे ज्या बँकेत पोचले तिला सूचना जाते आणि ते तिथे शिल्लक असतील तर अडवले जातात. चोर ते एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात ढकलत असतो, त्यामुळे पहिला तास सोन्यासारखा.

दुसरा फोन आपल्या बँकेला, कार्ड आणि नेटबँकिंग बंद करायला. घरात दोन माणसं असतील तर दोन्ही फोन एकाच वेळी करा. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. मेल पुसू नका, तो पुरावा आहे. दुसऱ्याच्या नावाने संगणकावरून फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड.

आणि घरच्यांना सांगा. एका निवृत्त गृहस्थांनी तीन दिवस पत्नीपासून लपवलं, "ती काय म्हणेल" म्हणून. तोवर पैसे चार खात्यांतून निघून गेले होते. त्या मावशी नंतर मला म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी फोन लावून दिला असता."

१३. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात, आमची जबाबदारी नाही. हे बरोबर आहे का?

अर्धं. पाया घातला तो रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने. त्यात असं ठरलं होतं: चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य, तुम्ही उशिरा कळवलं तरी. चूक ना तुमची ना बँकेची, कुठेतरी मध्ये झाली असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तरी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलंत तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा भार. त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे.

ओटीपी किंवा पासवर्ड तुम्ही दिला असेल तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून किती वाजता कळवलं त्याची नोंद हवीच. तोंडी सांगून घरी येऊ नका, लेखी पोच घ्या. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं त्या परिपत्रकाने बँकेवर टाकलं आहे, आणि हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. बँकेकडून सध्या लागू असलेला नियमही लेखी मागा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, वकील लागत नाही.

१४. मेलचं खातंच हातून गेलं. पासवर्ड चालत नाही.

जीमेल असेल तर नेहमीच्या फोनवरून, नेहमीच्या घरच्या वायफायवरून 'अकाउंट रिकव्हरी' करा. गूगल ओळखीचं यंत्र आणि जागा विचारात घेतं, त्यामुळे सायबर कॅफेतून प्रयत्न केला तर शक्यता कमी होते. चोराने तुमचा फोन क्रमांक बदलला असला तरी जुना क्रमांक बदलल्यापासून सात दिवस खातं परत मिळवायला वापरता येतो. वाट बघत बसू नका.

खातं परत मिळालं की पासवर्ड बदलून थांबू नका, बरेच जण इथेच चुकतात. सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. 'बँकेचा मेल आला की या पत्त्यावर पाठव आणि माझ्याकडून पुसून टाक' असा नियम चोर तिथे मागे ठेवून जातो, आणि पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. मग 'तुमची उपकरणं' उघडून अनोळखी फोन बाहेर काढा, आणि खात्याला जोडलेली अनोळखी ॲप काढा.

१५. टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलं होतं, तरी कसं गेलं?

टू-स्टेप म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसरी खूण मागणं. पण खोटं पान चोराच्या संगणकामार्फत खऱ्या साइटला जोडलेलं असतं. तुम्ही खोट्या पानावर पासवर्ड टाकला, त्याने तो त्याच सेकंदाला खऱ्या पानावर टाकला. खरा ओटीपी तुम्हाला आला, तोही तुम्ही खोट्या पानावर टाकलात. टू-स्टेप काढू मात्र नका, नुसत्या फुटलेल्या पासवर्डापासून ते वाचवतंच.

याहून पक्की सोय म्हणजे पासकी. फोन बोटाच्या ठशाने उघडता तसंच खातं उघडतं, आणि ती किल्ली खऱ्या पत्त्याशीच बांधलेली असते. खोट्या पानावर ती लागतच नाही, तुम्ही फसलेले असलात तरी. पासवर्ड मॅनेजरचंही असंच आहे: रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड आज भरला जात नसेल तर हाताने टाइप करू नका, आधी पत्ता बघा.

१६. मेल शुद्ध मराठीत होता, मंडळाच्या नावाने. तो कसा खोटा असेल?

हा प्रश्न आपल्याला इथे जास्त सतावतो, पुण्यात तेवढा नाही. इंदुरात बँकेत, बाजारात, कचेरीत दिवसभर हिंदी बोलायचं, आणि मग कुणी 'सप्रेम नमस्कार' लिहिलं की मन आपोआप सैल होतं. आपलंच माणूस! आता यंत्र मराठीही लिहितं, त्यामुळे भाषा ही ओळख राहिली नाही.

नावं आणि पत्ते कुठून मिळतात? आपणच देतो. गणेशोत्सवाच्या स्मरणिका, वधू-वर सूची, सभासदांची यादी पीडीएफ करून सगळ्या व्हॉट्सॲप गटांत फिरते. तिच्यात नाव, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल, कधी कधी पगारसुद्धा. अध्यक्षांच्या नावाने 'मी रुग्णालयात आहे, बोलता येत नाही, अमुक खात्यावर तेवढे पाठव' असा मेल लिहायला एवढं पुष्कळ झालं. वर्गणीचा क्यूआर असलेला मेलही असाच. क्यूआर वाचल्यावर कुणाचं नाव दिसतं ते बघा, मंडळाच्या जागी अनोळखी व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती: सूची छापा, पण पीडीएफ खुल्या गटात टाकू नका. वधू-वर सूचीत ईमेल आणि जन्मतारीख एकत्र देऊ नका, संपर्क कार्यालयामार्फत ठेवा. आमच्याकडे दोन वर्षं असं करतो आहोत, लग्नं जमायची थांबली नाहीत.

१७. अमेरिकेतल्या मुलाचा मेल आला, पैसे हवेत म्हणतो. मेल त्याच्याच पत्त्यावरून आहे.

त्याचं खातं चोरीला गेलं असेल. त्याला फोन करा, उचलला नाही तर सुनेला करा. तिकडे रात्र असली तरी उठवा. आवाजाचीही नक्कल होते, म्हणून एखादा घरगुती प्रश्न ठरवून ठेवा. आमच्या घरी आजोळच्या म्हशीचं नाव विचारायचं ठरलं आहे.

१८. माझं सियागंजमध्ये दुकान आहे. जुन्या पार्टीने मेलवर कळवलं की बँक खातं बदललं. पैसे पाठवू?

फोन केल्याशिवाय एक रुपयाही नको. या एका प्रकारात मी सगळ्यात मोठ्या रकमा जाताना पाहिल्या आहेत.

होतं असं. चोर तुमच्या किंवा समोरच्या पार्टीच्या मेलमध्ये शिरतो आणि काहीच करत नाही. काही आठवडे नुसता वाचत बसतो. कुणाकडून काय माल येतो, बिल कोण पाठवतं, पैसे कोण सोडतं, 'भैयाजी' म्हणतात की 'शेठ', सगळं शिकतो. मग खरं बिल निघतं त्याच दिवशी तेच बिल, तोच नमुना, तीच रक्कम, फक्त खाते क्रमांक वेगळा असा मेल येतो. कधी तो खऱ्या खात्यावरून येतो, कधी एका अक्षराच्या फरकाने (प्रश्न ४). क्लॉथ मार्केटमधल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्यांनी मला दोन्ही बिलं छापून शेजारी ठेवून दाखवली. आम्ही दोघं पाच मिनिटं बघत होतो, तेव्हा खात्याचा फरक सापडला.

उपाय साधा आहे आणि पैसे लागत नाहीत. खातं बदलल्याचा मेल आला की पार्टीला फोन, आणि तो फोन जुन्या बिलावरच्या किंवा व्हिजिटिंग कार्डावरच्या क्रमांकावर. नव्या मेलखाली दिलेल्या क्रमांकावर करू नका, तो चोराचा असू शकतो. दुसरं, आरटीजीएस आणि एनईएफटी करताना ज्याला पैसे जाणार त्याचं नाव दाखवायची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. ती वापरा, मुनीमजींनाही शिकवा. पीथमपूरहून माल परदेशी पाठवणाऱ्यांनी आपल्या ग्राहकाला आधीच लिहून ठेवावं: आमचं खातं मेलवरून कधीच बदलणार नाही.

१९. पत्ता खरा, तपासणीही पास, तरी मेल खोटा असू शकतो?

हो. संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' दाबलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतात. पहिली सांगते की मेल त्या गावाने (पत्त्याचा शेवटचा भाग, प्रश्न ४) परवानगी दिलेल्या सर्व्हरवरून निघाला, दुसरी सांगते की वाटेत मजकूर बदलला नाही, तिसरी दोन्हींपैकी एकीचा तरी दिसणाऱ्या पत्त्याशी मेळ बसतो का ते बघते. रोज ५,००० हून जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे सगळं सक्तीचं केलं. बँकेच्या नावाच्या मेलवर इथे 'फेल' दिसलं तर विषय संपला.

पण 'पास' म्हणजे पाठवणारा प्रामाणिक असं नाही. चोर स्वतःचं गाव विकत घेऊन तिथे तिन्ही नीट लावतो. किंवा गूगल फॉर्म, शेअर केलेला कागद, कॅलेंडरचं आमंत्रण यांतून गळ टाकतो. तेव्हा मेल खरोखर गूगलचाच असतो, आतला मजकूर चोराचा. अशा वेळी कुणी पाठवलं हे सोडा, काय मागितलं आहे ते बघा.

२०. 'अनसब्स्क्राइब' दाबलं तर असे मेल बंद होतील ना?

जिथे आपण स्वतः नाव नोंदवलं त्या दुकानाच्या मेलला दाबा. अनोळखी मेलमध्ये ते बटणसुद्धा गळच असतं. तिथे रिपोर्ट करा.

२१. ताकही फुंकून प्यायला लागलो. एखादा खरा मेल खोटा समजून सोडला तर?

असं झालं आहे. एका ताईंनी मुलीच्या शिष्यवृत्तीचा खरा मेल पुसला होता. सुदैवाने तो तीस दिवस ट्रॅशमध्ये राहतो, सापडला. म्हणून शंका आली की पुसायची घाई नको, आणि उत्तर द्यायचीही नको. संस्थेच्या साइटवर स्वतः जा, किंवा फोन करा. चुकून रिपोर्ट केला असेल तर स्पॅममधून 'नॉट स्पॅम' करून परत आणता येतो.

२२. आईचा फोन कसा लावून देऊ, की मला सारखी काळजी नको?

एका दुपारचं काम आहे. फोन आणि ॲप अद्ययावत करा, पासकी लावा, 'अनोळखी ठिकाणांहून ॲप' घेण्याची परवानगी बंद करा. बँकेचे व्यवहार ज्या खात्यातून होतात त्यात थोडीच रक्कम ठेवा, यूपीआयची मर्यादा कमी करा. बँकेचा आणि १९३० हा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावा.

हे सगळं तिच्याशेजारी बसून, बटणं तिला दाबू देऊन करा. आणि तिने दहाव्यांदा तोच मेल दाखवला तरी चिडू नका. एकदा चिडलात की अकराव्या वेळी ती दाखवणार नाही, आणि तो अकरावा मेल खोटा असू शकतो.

२३. शंका आली तर तुम्हाला मेल पुढे पाठवू का?

फॉरवर्ड नको, स्क्रीनशॉट पाठवा. फॉरवर्ड केलेल्या मेलमधली लिंक जिवंत राहते आणि वाटेत दुसरं कुणी ती दाबतं. पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवून पत्ता उघडा, तो दिसेल असा एक फोटो आणि मजकुराचा दुसरा. खाते क्रमांक, आधार आणि जन्मतारखेवर फोनच्या पेनने काळी रेघ ओढा. शनिवारी वाचनालयात येत असाल तर चष्मा आणि चार्जर घेऊन या, संगणक तिथे आहे.